रूटचं पत्र

शनिवारी संचालक मंडळाची बैठक होती आणि तिच्यात यशोधरा साळवेला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं, म्हणून आधीच्या सोमवारपासूनच काकासाहेबांनी तिच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली.

काकासाहेब दूध संघाचे व्यवस्थापक. हा संघ नगर जिल्ह्यात, संगमनेरहून अकोले गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नाव सांगत नाही, कारण चारपाच संघांना ते आपलंच वाटेल. वीस वर्षं एकाच खुर्चीत बसून काकासाहेबांना एकच कला साधली होती. शिपायानं खिडकी उघडली तर ती कोणाला दिसावं म्हणून उघडली, आणि लावली तर काय झाकायला लावली, असं ते विचारायचे. एखाद्यानं दोनदा नमस्कार केला तर त्याची फाईल मागवायचे.

यशोधरा संघात तीन वर्षं होती आणि तीन वर्षं तात्पुरतीच होती. दर एकोणनव्वद दिवसांनी तिला एक दिवस घरी बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं घ्यायचं. मध्ये खंड पडला की कायद्याला वाटतं, ही कालच आली. संगमनेरच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलेली, वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, सगळ्या संघाच्या दुधाच्या आणि फॅटच्या नोंदी एकटी कॉम्प्युटरवर चढवणारी ही पोर. तिला चहा यायचा तो कान तुटलेल्या कपात. भीमनगरातल्या पोरीचा कप धुताना बाकीच्या कपांत मिसळू नये म्हणून तो कान कोणीतरी मुद्दाम तोडला होता. हे कोणी बोलत नव्हतं. तिला कळत नव्हतं असंही नाही. ती चहा पीत होती आणि कायम व्हायची वाट बघत होती, कारण घरी आई भागिरथी दुसऱ्यांच्या कांद्यात खुरपत होती आणि तिचे गुडघे आता वाकत नव्हते.

संघाचा कॉम्प्युटर नगरच्या एका विक्रेत्यानं दिलेला. त्याला महिन्यातून दोनदा व्हायरस लागायचा. विक्रेत्याचा माणूस यायचा, खिशातली फ्लॉपी घालून व्हायरस काढायचा, आणि त्याच फ्लॉपीतून नवा ठेवून जायचा. यशोधरानं वर्षभर हे पाहिलं. मग कॉलेजच्या लायब्ररीत एका इंग्रजी मासिकाबरोबर तिला एक सीडी मिळाली. तिच्यात लिनक्स नावाची, मशीन मुळापासून चालवणारी वेगळीच व्यवस्था होती. लायब्ररीयन म्हणाला, घेऊन जा, इथं कोणी बघत नाही. तीन रविवार खपून, दोनदा सगळं पुसून पुन्हा घालून तिनं ती मशीनवर बसवली आणि दूध-फॅटच्या नोंदींचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. त्या दिवसापासून मशीन एकदाही बंद पडलं नाही.

आणि घोडं तिथंच अडलं. बंद पडणाऱ्या वस्तूवर आपल्याकडे कोणी संशय घेत नाही. चालणाऱ्या वस्तूवर घेतात.

काकासाहेबांनी तिला बोलावून विचारलं, हे कोणत्या कंपनीचं. ती म्हणाली, कंपनीचं नाही. जगभरातली माणसं मिळून करतात, आतलं सगळं उघडं ठेवतात, कोणीही बघावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं.

"पगार किती त्यास्नी?"

"पगार नसतो साहेब."

"मंग त्यांना काय मिळतं?"

"काही नाही. सगळ्यांनी मिळून करायचं, सगळ्यांनी वापरायचं. आपल्या सहकारासारखं."

काकासाहेबांनी चष्मा काढला. "सहकार तू मला शिकवू नको. वीस वर्षं सहकारात हाय मी. सहकारात फुकट कोनी काय करत न्हाई."

यशोधरा परत नोंदी चढवायला गेली, कारण ते खरं होतं.

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात नवी सीडी आली आणि तिनं जुन्याच्या जागी नवं बसवलं. काकासाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. चांगलं चाललेलं कोणी बदलतं का? बदलायचं म्हणजे आधी पुसायचं, आणि पुसायचं म्हणजे काहीतरी लपवायचं असणार. तिनं समजावलं की जगात कोणाला चूक सापडली की ती सुधारून नवं काढतात, आपण त्यांच्याबरोबर राहावं लागतं. काकासाहेबांनी एवढंच टिपून ठेवलं की आपल्या मशीनमधल्या चुका जगाला माहीत आहेत.

तर बैठकीच्या आधीच्या त्या सोमवारी ते तिच्या पाठीमागे उभे राहिले. यशोधरानं मशीन उघडलं आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. काकासाहेबांचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं, पण एवढं त्यांना कळलं, की तुमच्यासाठी नवं पत्र आहे. यशोधरानं ते उघडलं, क्षणभर पाहिलं आणि पुसून टाकलं.

पत्र आलं, वाचलं आणि फाडलं.

दुसऱ्या दिवशी तेच. बुधवारी ती जेवायला गेली तेव्हा पत्र पडद्यावर उघडंच राहिलं होतं. काकासाहेबांनी दार लोटून घेतलं आणि एकेक अक्षर कागदावर उतरवलं. पाठवणारा: रूट. कोणाला: रूट. वेळ: पहाटे चार वाजून दोन मिनिटं. आणि नावाच्या जागी काहीतरी क, र, न असं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. दूध संघात वाटेला कोणी वाट म्हणत नाही, मार्ग म्हणत नाही. रूट म्हणतात. पहाटे चारच्या सुमारास सात टेम्पो सात रूटवर निघतात, गावोगावच्या संस्थांचं दूध कॅनमधून आणतात. रूटला उशीर झाला, रूट नासला, तो रूटचा माणूस आहे. जिनं शाळेचं तोंड पाहिलं नाही ती म्हातारीसुद्धा रूटच म्हणते. त्यामुळे कागद वाचून काकासाहेबांना जे कळलं ते संघातल्या कोणालाही कळलं असतं: टेम्पो निघायच्या वेळेला एका रूटवरून दुसऱ्या रूटला पत्रं चालली आहेत, आपल्याच मशीनमधून, कागद न वापरता.

खरी गोष्ट एवढीच होती की लिनक्समध्ये मशीनच्या मुख्य कारभाऱ्याचं नाव रूट असतं. ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला क्रॉन म्हणतात. यशोधरानं त्याला रोज पहाटे नोंदींची प्रत काढायला लावलं होतं, आणि काम झालं की तो कारभाऱ्याला चार ओळी लिहून कळवत होता. पण हे तिला विचारलं असतं तर कळलं असतं. जिच्यावर संशय आहे तिलाच विचारणारा माणूस काकासाहेबांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्यांनी रूटचे सुपरवायझर एकेक करून बोलावले. पहिला सात नंबरचा कोंडीराम. कोतूळ, राजूर करत भंडारदऱ्यापर्यंतचा डोंगराळ रूट त्याच्याकडे. काकासाहेबांनी त्याला बसायला सांगितलं नाही. कागद उलटा धरला आणि फक्त म्हणाले, सगळं लिहून आलंय.

कोंडीराम घामाघूम झाला.

"साहेब, पानी मी घालत न्हाई."

"मी पान्याचं विचारलंय का?"

"न्हाई, पर घालत न्हाई. माझ्याकडं येतं तवा आधीच घातलेलं असतंय. मी फक्त वरून वाईच. कॅन भरून दिसावा म्हनून."

मग त्यानं न विचारता पाच नंबरवाल्याचं सांगितलं. पाच नंबरवाल्यानं दोन नंबरवाल्याचं सांगितलं. दोन नंबरवाला कॅनमागे शाळामास्तर बसवून नेत होता आणि तीन नंबरच्या टेम्पोतून चांगलं दूध फाट्यावरच्या हॉटेलात उतरत होतं. सहा नंबरवाल्याकडे सांगायला काही नव्हतं. तो एवढा घाबरला की त्यानं आपल्या मेव्हण्याच्या लग्नातलं एक जुनं भांडण कबूल केलं. गुरुवारी दुपारपर्यंत सातही रूटना कळलं होतं की कोणीतरी लिहितंय, आणि कोण ते कोणालाच माहीत नव्हतं. तंबाखूची चंची फिरायची बंद झाली. माणसं एकमेकांच्या खिशाला पेन आहे का ते बघू लागली.

शुक्रवारी पहाटे कोणीही दुधात पाणी घातलं नाही.

हे संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. फॅट एकदम वर गेलं आणि दूध आठशे लिटरनं घसरलं. चेअरमन पुंजाराम अण्णांचा फोन आला, दूध कमी का. अण्णा फॅटबद्दल काही बोलले नाहीत. काकासाहेबांना आता दुसरा रस्ता उरला नाही. ते कागद घेऊन अण्णांच्या बंगल्यावर गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले की रूटवरून पत्रव्यवहार चाललाय, मशीनच्या बाईचा त्यात हात आहे, आणि आणखी एक नाव आहे, पण ते माझ्या तोंडून निघत नाही.

अण्णांनी कागद घेतला. क, र, न. अण्णांच्या थोरल्या मुलाचं नाव करण.

करण पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता. अण्णांनी त्याच्या घरमालकाकडे फोन लावला, करणला बोलावून घेतलं आणि शिकवल्यासारखं तेच वाक्य म्हणाले, सगळं लिहून आलंय. मग करणनं सांगितलं की दोन वर्षांपासून तो कॉलेजात जात नाही आणि पहिल्या वर्षाचे चार विषय अजून राहिलेत. अण्णांनी फोन खाली ठेवला. यशोधरा साळवेनं पाहिलंही नसेल असं पोर तिच्या पत्रात सापडलं होतं. अण्णांना आता दुधापेक्षा दुसरीच काळजी लागली. अजून काय काय लिहिलंय?

शनिवारी अकरा संचालक जमले. विषयपत्रिकेवर यशोधराचा विषय सातवा होता. अण्णांनी तो पहिला घेतला. तिला आत बोलावलं, खुर्ची दिली नाही. तिला वाटलं होतं शिक्षण विचारतील, काम विचारतील. मशीनवरून छापलेल्या कागदांचे नमुने तिनं बरोबर आणले होते.

अण्णांनी कागद पुढे सरकवला आणि विचारलं, "हा रूट कोन?"

यशोधरानं कागद पाहिला, काकासाहेबांच्या अक्षरातला. तिला आधी हसू आलं आणि मग अकरा चेहरे दिसले. तिनं सरळ सांगितलं की रूट म्हणजे मशीनचा मालक. त्याला सगळं उघडता येतं, कोणाचंही वाचता येतं, काहीही पुसता येतं. करण नाही, ते क्रॉन आहे, वेळेवर काम करणारा प्रोग्रॅम.

"मालक," अण्णा म्हणाले. "चेअरमन मी हाय. मंग मालक कोन?"

"ज्याच्याकडे पासवर्ड असतो तो."

"आन तो कोनाकडं हाय?"

"माझ्याकडे."

एका संचालकानं विचारलं, म्हणजे पत्र लिहितो तो रूट तूच. ती म्हणाली, लिहितं मशीन. मग वाचतं कोण? मीच. म्हणजे तुझ्या नावानं येतं, तुझ्याच नावाला जातं, आणि मधे तुझा हात नाही? ती म्हणाली, नाही. हे ऐकून दोघांतिघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की असलं उत्तर आपल्यालासुद्धा सुचलं नसतं.

तिनं बरोबरच्या नमुन्यांतून शुक्रवारच्या पत्राची छापील प्रत काढली आणि मराठीत करून वाचून दाखवली. "कालच्या नोंदींची प्रत काढली. चूक आढळली नाही."

"कोनाची चूक?" दूध तपासणीचे संचालक दचकून म्हणाले.

"कोणाचीच नाही."

"कोनाचीच चूक न्हाई असं कोन कोनाला लिहितंय? रोजच्या रोज? हे गुपित बोलनं हाय अण्णा."

काकासाहेबांनी उभं राहून सांगितलं की बाईला आजपासूनच बंद करावं, मशीन नगरच्या विक्रेत्याच्या ताब्यात द्यावं. माना हलल्या. कानिफनाथ हा आस्थापनेचा कारकून, ठराव लिहायला बसलेला. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

तीन वर्षांत यशोधरा या खोलीत आवाज चढवून बोलली नव्हती. आताही चढवला नाही. विषयपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला तिनं काहीतरी लिहिलं, कागद चार घड्या करून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हा पासवर्ड. मला काढायचं तर काढा. ज्यांनी हा घेतला ते उद्यापासून रूट. सगळं त्यांना दिसेल. पत्रं त्यांच्या नावानं येतील."

सत्ता म्हटल्यावर ज्यांचे हात आपोआप पुढे येतात असे अकरा लोक तिथं बसले होते. एकाचाही हात आला नाही. अण्णांनी चिठ्ठीकडे पाहिलं, आणि आपण घेतली तर बाकीचे दहा काय म्हणतील ते पाहिलं. त्यांनी ती बोटानं उपाध्यक्षांकडे सरकवली. उपाध्यक्ष म्हणाले, माझी नजर अधू आहे. त्यांनी ती दूध तपासणीवाल्यांकडे सारली. ते म्हणाले, मला इंग्रजी येत नाही, आणि पुढच्याकडे ढकलली. पुढच्यानं तर हातच लावला नाही, फाईलच्या कोपऱ्यानं लोटली. चिठ्ठी काकासाहेबांपाशी आली तेव्हा अकरा जण त्यांच्याकडे पाहत होते. काकासाहेबांना वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं की संशय घेणाऱ्याच्या नजरेपेक्षा ज्यांच्यावर संशय घेतला त्यांच्या नजरा जड असतात. ते म्हणाले, मी नोकर माणूस, हा मंडळाचा विषय.

रंगुबाई महिला राखीव जागेवरच्या संचालिका. दाखवतील तिथं अंगठा करायचा म्हणून त्यांना निवडलं होतं. चिठ्ठी त्यांच्यापुढे येऊन थांबली. त्यांनी ती उचलली, न उघडता यशोधराच्या हातात दिली आणि पदर सावरला.

"घ्यायला एक बाप्या तयार न्हाई. मंग पोरीला काढाया कसे तयार झाले?"

यावर थोडं खाकरणं झालं. मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. पत्रं हिच्याच नावानं येत राहिली तर आपल्यावर कोणी बोट दाखवणार नाही. ही बाहेर गेली तर बाहेर जाऊन बोलेल. आत राहिली तर आपल्या डोळ्यापुढे राहील. आणि तात्पुरती राहिली तर दर एकोणनव्वद दिवसांनी एक दिवस मशीनला मालक नसेल, त्या दिवशी कोण बसेल काय सांगावं? दूध तपासणीवाले सगळ्यात आधी म्हणाले, कायम करा. त्यांच्या मागून दहा जण. तिची पदवी, तिचा प्रोग्रॅम, एकदाही न अडलेलं काम यांतलं काहीही कोणी काढलं नाही. ज्या नोकरीवर तिचा तीन वर्षांपूर्वीच हक्क होता ती तिला अकरा लोकांच्या भीतीनं मिळाली. ठराव एकमतानं झाला. कानिफनाथानं विचारलं, पद काय लिहू?

अण्णा उठता उठता वैतागून म्हणाले, "रूट लिही. तिथंच तिला कायम कर."

यशोधरा घरी गेली. भागिरथीनं शेजारी साखर वाटली.

कानिफनाथ मात्र नियमाचा पक्का माणूस. त्यानं मंजूर पदांची यादी काढली. नुसता रूट असं पद यादीत नव्हतं, रूट सुपरवायझर होतं. त्यातली एक जागा मोकळीही होती, कारण कोंडीराम शुक्रवारपासून आजारपणाच्या रजेवर गेला होता आणि येण्याची लक्षणं नव्हती. कानिफनाथानं आदेश टंकला, अण्णांनी न वाचता सही केली.

सोमवारी पहाटे भीमनगरात टेम्पोचा हॉर्न वाजला. यशोधरा बाहेर आली. ड्रायव्हर आसारामनं खिडकीतून पाकीट दिलं. तिनं टेम्पोच्या दिव्यापुढे धरून वाचलं: रूट क्रमांक सातवर कायमस्वरूपी नेमणूक. आज रूटवरील पहिल्या संस्थेत हजर न झाल्यास आदेश आपोआप रद्द समजण्यात येईल.

तिनं ते दोनदा वाचलं. भागिरथी दारातून विचारत होती, काय गं, काय झालं. यशोधरानं चपला बदलल्या, केस बांधले आणि कॅनांच्या खडखडाटात आसारामशेजारी जाऊन बसली. ऑफिसात जाऊन दुरुस्ती मागितली असती तर साहेब दहाला आले असते, अण्णा बाराला, आणि तोवर आदेश मेला असता. पहिल्या संस्थेत दूध मोजणारा डोळे चोळत उठला. तिनं त्याची हजेरीवही ओढून घेतली, सही केली, वेळ टाकली, खाली त्याचा शिक्का मारून घेतला. कायम झाली.

मग गाडीत बसून आसारामला म्हणाली, आता वळव, ऑफिसला ने. आसाराम म्हणाला, दूध भरल्याशिवाय वळता येत न्हाई बाई, रूट हाय. तिनं मान हलवली. गाडी कोतूळला आली. स्टिअरिंगवर त्याची बोटं वाजत होती.

"बाई, एक इचारू? त्या पत्रात माझं नाव हुतं का?"

"नव्हतं."

"खरंच न्हवतं?"

"कोणाचंच नव्हतं, आसारामभाऊ."

आसारामनं सुस्कारा सोडला. एक चढण चढला, एक वळण घेतलं. मग गाडीचा वेग कमी करत करत त्यानं टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा केला, इंजिन बंद केलं आणि तिच्याकडे वळून बघितलं.

"मंग ती नावं कोनी पुसली?"